क्रूझवर मोबाइल: जहाजाचा टॉवर, जहाजाचं वाय-फाय की ई-सिम?

क्रूझवर फोनला बाहेरच्या जगाशी जोडायचे मार्ग तीन. एक, जहाजावरचं मोबाइल नेटवर्क. दोन, जहाजाचं वाय-फाय. तीन, बंदरात उतरल्यावर त्या देशाचं नेटवर्क, तेही ई-सिमवर (वेगळं कार्ड न घालता फोनमध्येच डिजिटल पद्धतीने बसवायची सिम). यातला सगळ्यात महाग मार्ग पहिला आणि फोन तोच न विचारता पकडतो. सगळी गोम इथे आहे. निकाल आधीच सांगतो: पहिल्याला पाचपैकी शून्य, दुसऱ्याला तीन, तिसऱ्याला साडेचार.

शून्य का?

जहाज किनारा सोडतं तसा जमिनीवरच्या टॉवरचा सिग्नल विरत जातो. उघड्या डेकवर तो बराच वेळ टिकतो, पोलादी भिंतींच्या केबिनमध्ये लवकर जातो. मग जहाजावर ठिकठिकाणी बसवलेले छोटे अँटेना सुरू होतात आणि फोनवर पुन्हा दांड्या दिसू लागतात. नाव बदललेलं असतं: 'सेल्युलर अॅट सी', 'टेलिनॉर मेरिटाइम' असं काहीतरी, किंवा नुसता ९०१-१८, ९०१-१२ असा आकडा. ९०१ हा कुठल्याच देशाचा नसलेला, आंतरराष्ट्रीय नेटवर्कांसाठी राखलेला कोड आहे. हा आकडा दिसला की फोन उपग्रहामार्फत बोलतोय असं समजावं.

फोनच्या दृष्टीने हे आणखी एक रोमिंग नेटवर्क, पण सिम कंपनीच्या दरपत्रकात ते वेगळ्या पानावर असतं. नेहमीच्या आंतरराष्ट्रीय रोमिंग पॅकमध्ये देशांची यादी असते आणि समुद्र हा देश नव्हे. त्यामुळे पॅक घेतलेला असूनही जहाजावरच्या डेटाचा हिशेब प्रत्येक एमबीमागे वेगळा लागू शकतो. युरोपातही तेच. युरोपीय संघात १५ जून २०१७ पासून तिथल्या सिमना सदस्य देशांत घरच्याच दराने रोमिंग मिळतं, पण जहाजाचं उपग्रह नेटवर्क त्या नियमाबाहेर आहे. १ जुलै २०२२ पासून तिथे एवढी सोय झाली की अशा नेटवर्कवरचा खर्च ५० युरो किंवा ग्राहकाने आधी ठरवलेल्या दुसऱ्या मर्यादेवर पोचला की कंपनीने सेवा आपणहून तोडायची. हे संरक्षण युरोपीय सिमला आहे. दुसरीकडचं सिम घेऊन भूमध्य समुद्रात फिरणाऱ्याने त्यावर विसंबू नये.

बिल फुगतं ते बहुधा निघायच्या संध्याकाळी. युरोपीय नियमांनुसार किनाऱ्यापासून दोन सागरी मैलांच्या आत (४जीसाठी चार) जहाजाने स्वतःचं मोबाइल नेटवर्क चालवायचं नसतं, त्यामुळे बंदरात फोन जमिनीच्या टॉवरवर सुखाने असतो. प्रवासी दिवसभर भटकून परततो, डेटा रोमिंग चालूच, फोन खिशात. जहाज सुटतं, तासाभरात फोन जमिनीचा टॉवर सोडून जहाजाचा पकडतो आणि दिवसभराचे फोटो-व्हिडिओ गुपचूप क्लाउडवर चढू लागतात. फोन कुणी हातातसुद्धा धरलेला नसतो.

उपाय एकच आणि फुकटचा: जहाजाच्या शिडीवर पाय ठेवायच्या आधी फ्लाइट मोड. त्यानंतर वाय-फाय आणि ब्लूटूथ हाताने वेगळे चालू करता येतात. नुसतं डेटा रोमिंग बंद करणं अपुरं, कारण कॉल आणि एसएमएस तरीही जहाजाच्या टॉवरवरून येतात-जातात. न उचललेला कॉलसुद्धा महाग पडू शकतो. व्हॉइसमेल किंवा कॉल फॉरवर्डिंग चालू असेल तर कॉल आधी जहाजापर्यंत येतो, मग परत घरच्या देशात वळवला जातो, आणि कंपनीच्या नियमांनुसार दोन्ही फेऱ्यांचे पैसे लागू शकतात. म्हणून निघण्याआधी, घरच्या नेटवर्कवर असतानाच, ##००२# डायल करून सगळं फॉरवर्डिंग रद्द करावं. जीएसएम या मोबाइल तंत्रज्ञानातला हा जुना कोड आहे.

या टॉवरचा एकच खरा उपयोग म्हणजे अडीअडचणीला घरच्या नंबरवरून फोन करणं. त्यातही जहाजाच्या वाय-फायवरून व्हॉट्सअॅप कॉल लागत असेल तर तोही उरत नाही. गिगस्कायसारख्या काही ई-सिम कंपन्या जहाजाच्या मोबाइल नेटवर्कवर चालणारे खास क्रूझ प्लॅन विकतात. वाय-फाय पॅकेज न घेता समुद्रात थोडेसे मेसेज पाहायचे असतील तर ते ठीक. मात्र आपलं जहाज त्यांच्या यादीत आहे का, हे नावानिशी तपासूनच घ्यावा.

जहाजाचं वाय-फाय: पूर्वीपेक्षा बरंच बरं

काही वर्षांपूर्वी या सेवेला तीन गुण देणं धाडसाचं ठरलं असतं. जहाजं तेव्हा विषुववृत्तावर ३५,७८६ किलोमीटर उंचीवर स्थिर दिसणाऱ्या उपग्रहांवर अवलंबून होती. प्रश्न वर जाऊन खाली येणार, उत्तर पुन्हा वर जाऊन खाली येणार, यातच जवळजवळ अर्धा सेकंद जातो. त्यात हजारो प्रवासी एकाच नळाला तोंड लावून. आता स्टारलिंक या उपग्रह-इंटरनेट सेवेचे उपग्रह साधारण ५५० किलोमीटरवर आहेत. रॉयल कॅरिबियन या क्रूझ कंपनीने २०२२ मध्ये सगळ्या जहाजांवर स्टारलिंक बसवण्याचं जाहीर केलं, कार्निव्हल समूहाने २०२४ पर्यंत आपल्या ताफ्यावर ते बसवून पूर्ण केलं. व्हिडिओ कॉल आता चालतो. संध्याकाळी जेवणाच्या सुमारास मात्र अजूनही अडखळतो, कारण त्या वेळी सगळेच घरी फोन लावतात.

नॉर्वेच्या फ्योर्डमध्ये (उंच कड्यांमधली अरुंद खाडी) जुन्या पद्धतीच्या जहाजावर इंटरनेट गेलं तर त्याला भूगोल कारणीभूत आहे. ६० अंशांच्या वर स्थिर उपग्रह क्षितिजाजवळ दिसतो आणि फ्योर्डचे कडे त्याला झाकतात. गैरांगर फ्योर्ड ६२ अंशांवर आहे. तिथे गावाजवळ नॉर्वेचं जमिनीवरचं नेटवर्क पकडावं.

पॅकेजच्या बाबतीत नावांवर जाऊ नये. कार्निव्हलमध्ये सोशल, व्हॅल्यू, प्रीमियम अशा पायऱ्या, एमएससी या क्रूझ कंपनीत ब्राउज आणि स्ट्रीम अशी विभागणी. विचारायचे प्रश्न तेच: व्हॉट्सअॅपवर फक्त मेसेज की कॉलही? व्हीपीएन (इंटरनेटवरची खासगी, सुरक्षित जोडणी) चालतं का? किती उपकरणं एका वेळी? एकाच उपकरणाचं पॅकेज दोघांनी आलटून-पालटून वापरणं बहुतेक ठिकाणी चालतं; फक्त पहिल्याने नीट लॉगआउट करायला हवं. लॉगआउटचा पत्ता पहिल्याच दिवशी लिहून ठेवावा, नाहीतर रिसेप्शनवर रांग. प्रवासाआधी ऑनलाइन घेतलेलं पॅकेज सहसा जहाजावर घेतलेल्यापेक्षा स्वस्त पडतं.

लॉगिन होत नसेल तर दोष बऱ्याचदा फोनच्या सेटिंगमध्ये सापडतो. फोन दर वेळी वेगळा वाय-फाय पत्ता दाखवत असेल तर जहाजाची यंत्रणा त्याला नवं उपकरण समजते. आयफोनमध्ये 'प्रायव्हेट वाय-फाय अॅड्रेस' जहाजाच्या नेटवर्कपुरता 'फिक्स्ड' करावा, जुन्या आवृत्तीत बंद. अँड्रॉइडवर 'प्रायव्हेट डीएनएस' ठरावीक सर्व्हरला बांधलेला असेल तर लॉगिनचं पानच उघडत नाही. तो 'ऑटोमॅटिक'वर आणावा. व्हीपीएन लॉगिन झाल्यावरच सुरू करावं. स्वतःचा राउटर नेऊन एका पॅकेजवर सगळं कुटुंब चालवण्याची युक्ती जुनी झाली. कार्निव्हलसह काही कंपन्यांनी राउटर आणि छोट्या उपग्रह डिश प्रतिबंधित सामानाच्या यादीत टाकल्या आहेत, सामान तपासणीत त्या काढून घेतल्या जातात.

तीनच गुण का, तर ज्याला फक्त रोज एकदा खुशाली कळवायची आहे त्याच्यासाठी हे अजूनही महाग आहे. कंपनीचं अॅप मात्र जहाजाच्या वाय-फायवर इंटरनेट पॅकेज न घेताही चालतं. त्यात वेळापत्रक, आरक्षण दिसतं आणि बऱ्याच जहाजांवर सोबत्यांना मेसेजही पाठवता येतो, क्वचित थोडं शुल्क भरून. ते घरीच डाउनलोड करून ठेवावं.

ई-सिम: साडेचार

बहुतेक क्रूझ रात्री चालतात आणि दिवसा बंदरात असतात. सात रात्रींच्या प्रवासात चार-पाच बंदरं असतील तर रोज सकाळी फोनला स्वस्त डेटा मिळतोच. मग समुद्रातले तास सोडले तर बिघडतं काय?

फोन ई-सिम घेतो का हे *#०६# डायल करून कळतं: आयएमईआय या फोनच्या क्रमांकासोबत ईआयडी, म्हणजे ई-सिमचा क्रमांक, दिसला तर घेतो. आयफोनमध्ये २०१८ च्या एक्सएस आणि एक्सआरपासून ही सोय आहे, चीनच्या मुख्य भूमीवर विकलेली बहुतेक आयफोन मॉडेल वगळून. फोन एखाद्या कंपनीला लॉक नसावा. आयफोनच्या 'अबाउट' पानावर 'नो सिम रिस्ट्रिक्शन्स' दिसलं पाहिजे.

ई-सिम घरच्या वाय-फायवरच बसवावी, कारण बसवायलाच इंटरनेट लागतं आणि क्यूआर कोड सहसा एकदाच चालतो. बहुतेक प्लॅनची मुदत परदेशी नेटवर्कला पहिल्यांदा जोडल्यावर सुरू होते, काहींची बसवल्याक्षणी. खरेदीआधी ही ओळ वाचावी. बसवल्यावर मोबाइल डेटासाठी ई-सिम निवडावी, तिचं डेटा रोमिंग चालू ठेवावं (हे विसरल्याने 'नेट चालत नाही' अशा तक्रारी सर्रास येतात) आणि घरच्या सिमचं बंद. आयफोनमध्ये 'अलाउ सेल्युलर डेटा स्विचिंग' बंद करावं, नाहीतर ई-सिमचा सिग्नल पडला की फोन घरच्या सिमचा डेटा वापरू शकतो. व्हॉट्सअॅप जुन्याच नंबरवर चालत राहतं. नंबर बदलायचा का असं विचारलं तर नाही म्हणावं. आयफोनवर सिम बदलली की आयमेसेज पुन्हा नोंदणीसाठी एक अदृश्य आंतरराष्ट्रीय एसएमएस पाठवू शकतो, त्याचाही आकार लागतो.

देशांची यादी प्रवासाच्या मार्गाशी ताडून पाहावी. बार्सिलोना, मार्से, चिविताव्हेकिया, नेपल्स या फेरीला कुठलीही युरोप ई-सिम चालते. कोतोर मॉन्टेनेग्रोत आहे, कुशादासी तुर्कीत. दोन्ही युरोपीय संघाबाहेर. काही युरोप प्लॅनमध्ये हे देश असतात, काहींत नसतात. ग्रीसच्या कोस किंवा ऱ्होड्स बेटाच्या तुर्कीकडच्या किनाऱ्यावर फोन समोरच्या तुर्कीचा टॉवर पकडू शकतो, कोर्फूवर अल्बेनियाचा. तिथे नेटवर्क हाताने निवडावं. अलास्काच्या कित्येक फेऱ्या कॅनडातल्या व्हिक्टोरियाला थांबतात, म्हणून फक्त अमेरिकेची ई-सिम अपुरी. उत्तर अमेरिकेची घ्यावी. पूर्व कॅरिबियनमध्ये जवळजवळ प्रत्येक बेट वेगळा देश किंवा दुसऱ्या देशाचा वेगळा प्रदेश, तिथे प्रादेशिक प्लॅनही महाग असतात आणि बंदरातल्या कॅफेचं वाय-फाय बरं पडतं. दुबई-अबुधाबीच्या नेटवर्कवर व्हॉट्सअॅप कॉल सहसा लागत नाही, मेसेज जातात.

अर्धा गुण कापला तो या सिमना बहुधा फक्त डेटा असतो, फोन नंबर नसतो म्हणून. बँकेचा ओटीपी घरच्याच नंबरवर येणार. रोमिंगमध्ये एसएमएस फुकट येतो का हे सिम कंपनीला विचारावं, आणि फुकट असेल तर बंदरात घरची लाइन थोडा वेळ चालू करून ओटीपी घ्यावा. त्यापेक्षा, बँक चालवून घेत असेल तर, निघण्याआधी ऑथेंटिकेटर अॅप (फोनमध्येच कोड तयार करणारं) लावणं सोयीचं. त्याला नेटवर्कच लागत नाही. शिवाय ई-सिमचा डेटा बऱ्याचदा तिसऱ्याच देशातून बाहेर पडतो, त्यामुळे बँकेचं अॅप कधी कधी संशय घेतं.

किती डेटा लागेल? व्हॉट्सअॅपचा आवाजी कॉल मिनिटाला साधारण अर्धा ते एक एमबी खातो, व्हिडिओ पाच आणि वर. नकाशे आणि भाषांतराच्या फाइली आधीच उतरवल्या आणि फोटोंचा बॅकअप बंद ठेवला तर चार-पाच बंदरांना तीन जीबी पुरतात. बॅकअप चालू राहिला तर दहाही पुरणार नाहीत.

आणखी एक सेटिंग, जिचा बिलाशी संबंध नाही. बंदरातला टॉवर फोनचं घड्याळ आपणहून त्या देशाच्या वेळेवर नेतो आणि जहाज कधी कधी स्वतःचीच वेळ चालवतं. परत चढायची वेळ जहाजाच्या घड्याळाची असते. म्हणून फोनची आपोआप वेळ बदलण्याची सोय बंद करून जहाजाची वेळ हाताने लावावी.