दोनदा, तीनदा की दर दोन तासांनी?

गेल्या वर्षी आमच्या एकाच ओट्यावर तीन पंथ नांदत होते. नवरा ‘दोनदाच जेवायचं’ या पंथाचा. जिमला जाणारी लेक दर दोन-अडीच तासांनी डबी उघडणारी. सासूबाई नाश्ता, दुपारचं जेवण, रात्रीचं जेवण अशा जुन्या वळणाच्या. गॅस एक, कुकर एक आणि करणारी मी एक. तिघांचं कौतुकही ऐकलं आणि तिघांची भांडीही घासली, त्यामुळे कुठली पद्धत कुणाला झेपते यावर चार शब्द बोलायचा हक्क मला आहे असं मी धरून चालते.

दोन जेवणांची पद्धत महाराष्ट्रात घरोघरी पोचवली ती डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी. मूळ विचार डॉ. श्रीकांत जिचकारांचा, हे ते स्वतःच सांगतात. नियम लक्षात ठेवायला सोपे आहेत. कडकडून भूक लागते अशा दिवसातल्या दोन वेळा ओळखायच्या, त्याच वेळी जेवायचं, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांच्या आत उरकायचं, गोड कमीत कमी. मधे पाणी, घरचं पातळ ताक किंवा बिनदुधाचा, बिनसाखरेचा चहा. जोडीला ४५ मिनिटं चालणं. प्रत्येक खाण्यामागे इन्सुलिन वाढतं, आणि ते वाढलेलं असेपर्यंत शरीर साठवलेल्या चरबीला हात लावत नाही. म्हणून ते वाढण्याच्या वेळाच कमी करा, हे त्यामागचं गणित.

आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर बरोबर उलट्या टोकाला. उठल्यावर चहा नको, आधी काहीतरी खा. मग दर दोन तासांनी थोडं थोडं. रात्रीचं जेवण झोपेच्या दोन तास आधी. पोट फार वेळ रिकामं ठेवलं की माणूस पुढच्या ताटावर तुटून पडतो, हा त्यांचा मुद्दा. तोही खोटा नाही. संध्याकाळी लोकलने किंवा बसने साडेआठला घरी आलेला माणूस चप्पल काढायच्या आधी चिवड्याचा डबा कसा शोधतो ते सगळ्यांनी पाहिलेलं आहे.

गंमत अशी की दोघंही घरचं खा म्हणतात, पाकिटातलं नको म्हणतात, कॅलऱ्या मोजत बसू नका म्हणतात. भांडण उरतं ते घड्याळाचं.

घड्याळाबद्दल अभ्यास काय सांगतात

दोनदाच्या बाजूने सगळ्यात ठळक अभ्यास प्रागचा, २०१४ सालचा. टाइप २ मधुमेह असलेले ५४ जण. १२ आठवडे दिवसाला दोन मोठी जेवणं, १२ आठवडे तेवढ्याच कॅलऱ्यांची सहा छोटी. दोनदा जेवताना वजन सरासरी ३.७ किलो उतरलं, सहा वेळा खाताना २.३ किलो. दोनदावाले हा अभ्यास हिरिरीने सांगतात. पण त्यातली दोन जेवणं म्हणजे सकाळचं आणि दुपारचं. रात्रीचं जेवण नव्हतंच! आपल्याकडे दोनदा जेवणारा बहुधा दुपारी एकला आणि रात्री नऊला जेवतो, वर पंगत असेल तर दहाला. म्हणजे प्रागचा निकाल आपण उसना आणतो आणि वेळा मात्र आपल्याच ठेवतो.

उशिरा जेवणाऱ्यांच्या जवळचा अभ्यास सॅन फ्रान्सिस्कोचा, २०२० सालचा. ११६ जण. एका गटाने दुपारी १२ ते रात्री ८ एवढ्यातच खायचं, दुसऱ्याने नेहमीसारखं तीनदा. १२ आठवड्यांनी दोन्ही गटांच्या वजनात नाव घेण्यासारखा फरक पडला नाही. उलट दुपारी १२ नंतर खाणाऱ्यांचं जे थोडं वजन घटलं त्यात स्नायूंचा वाटा मोठा दिसला. हे मला वजनकाट्यापेक्षा जास्त काळजीचं वाटतं, त्याकडे परत येते.

सतत थोडं थोडं खाण्याच्या बाजूने १९८९ सालचा एक जुना प्रयोग आहे. तेच अन्न तीन जेवणांऐवजी दिवसात १७ वेळा विभागून दिलं, तर दोन आठवड्यांत वाईट कोलेस्टेरॉल १३ टक्क्यांच्या वर उतरलं. माणसं फक्त सात होती, आणि त्यांना मोजून-मापून खाऊ देणारे संशोधक होते. आपल्याला १७ वेळा कोण देणार?

एकूण खाणं तेवढंच राहिलं तर नुसत्या संख्येने फार मोठा चमत्कार होत नाही, असं माझं मत या सगळ्यातून झालं. संख्या उपयोगी पडते ती वेगळ्या कारणाने. काही माणसांना ‘दोनच वेळा’ हा कडक नियम पाळणं ‘थोडंच खा’ या मोघम नियमापेक्षा सोपं जातं. माझा नवरा त्यातला. समोर आलेल्या बशीला ‘जरा चव बघतो’ म्हणणाऱ्याला ‘मी दोनदावाला’ हे एक बिरुद मिळालं, आणि लोकांनी आग्रह करणं सोडलं.

आधी आठवडाभर नुसतं लिहा

काहीही निवडायच्या आधी आम्ही एक केलं. कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला रकाने आखले आणि पाण्याव्यतिरिक्त तोंडात गेलेलं सगळं आठवडाभर पेन्सिलीने टिपलं. नवऱ्याची समजूत होती की आपण तीनदा खातो. पहिल्याच दिवशी आकडा नऊ. सकाळचा चहा आणि दोन बिस्किटं, पोहे, ऑफिसात अकराचा चहा, डबा, नंतर बडीशेप आणि कुणाच्या तरी बदलीचा पेढा, चारचा चहा आणि फरसाण, घरी आल्यावर चहा, जेवण, झोपताना दुधाचा कप. यात चहा चार. प्रत्येकात दोन चमचे साखर धरली तर ४० ग्रॅम साखर नुसत्या चहातून. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने २००० कॅलऱ्या खाणाऱ्याने दिवसभरात वरची साखर ५० ग्रॅमच्या आत ठेवावी, जमल्यास २५ च्या.

आपल्या घरी दोन की तीन हा वाद बहुतेक वेळा नऊ आणि तीन यांच्यातला असतो. नऊवरून तीनवर येणाराही बारीक होतो, आणि श्रेय तिसऱ्याच कशाला तरी देतो.

ताटात काय मावतं

दोनदा जेवायचं तर त्या दोन ताटांत दिवसाचं सगळं मावलं पाहिजे, विशेषतः स्नायू टिकवणारी प्रथिनं. साधारण हिशोब किलोमागे ०.८३ ग्रॅमचा, ७५ किलोच्या माणसाला ६२ ग्रॅम, म्हणजे एका ताटात ३१.

आमच्या घरचं ताट मांडून बघा. ज्वारीच्या दोन मध्यम भाकऱ्या, पीठ १२० ग्रॅम: १२ ग्रॅम प्रथिनं. घट्ट आमटीची वाटी, ३० ग्रॅम तुरीची डाळ: साडेसहा. मटकीची उसळ, तेवढ्याच कोरड्या मटकीची: साडेसहाच्या आसपास. वाटीभर दही: चार. झाले एकोणतीस-तीस. म्हणजे आमटी *आणि* उसळ, दोन्ही, दोन्ही वेळेला. तीन पोळ्या आणि बटाट्याची भाजी असं ताट असेल तर गाडी तेराच्या पुढे सरकत नाही. अंडी खाणाऱ्यांचं जरा सोपं: एका अंड्यात सहा.

पहिले दोन महिने नवरा दोनदा जेवला, पण पोळी-भाजीच जेवला. वजन उतरलं, चेहराही उतरला. जिना चढताना मांड्या भरून यायला लागल्या तेव्हा मी हा हिशोब मांडला. नंतर त्याच्या ताटात उसळ रोज आली, आणि रात्री मटकी भिजत घालायचं काम त्याच्याकडे गेलं. दोनदा जेवणाऱ्याने निदान एवढं तरी करावं.

दोनदाची दुसरी खोड म्हणजे ते घड्याळ. पन्नासाव्या मिनिटाला ‘अजून पाच मिनिटं आहेत’ म्हणून शेवेचा डबा निघतो, बावन्नाव्याला अर्धा लाडू. एकादशी आणि दुप्पट खाशी, ती अशी. ५५ हा आकडा पाळायला सोयीचा आहे, पण ५४व्या मिनिटाचा लाडू माफ आणि ५६व्याचा पाप, असं शरीरात काही नसतं.

लेकीची पद्धत याच्या उलट गोत्यात आली. घरी असेपर्यंत उत्तम: केळं, मूठभर शेंगदाणे, अर्धं थालीपीठ, ताक, भिजवलेले हरभरे. नोकरी लागल्यावर सकाळी सातला पाच डब्या भरणं तिला जमेना आणि मला जमवायचं नव्हतं. मग चौथी डबी ऑफिसखालच्या वडापावची झाली, पाचवी सँडविचची. ‘दर दोन तासांनी’ हे लक्षात राहिलं, ‘थोडं’ हे विसरलं. शिवाय गोड किंवा पिठूळ काही खाल्लं की तोंडात पुढचा अर्धाएक तास आम्ल राहतं. दिवसात सहा-सात वेळा असं झालं तर दात किडायला निमित्त मिळतं. तिची दाढ भरून घ्यावी लागली, दोष नक्की कशाचा ते मी सांगू शकत नाही. तरी तिच्याकडून मी एक उचललं: चार वाजताचे शेंगदाणे. त्याने रात्रीचं जेवण आपोआप कमी होतं.

तीनदाबद्दल लिहिण्यासारखं फार नाही, कारण ते आपण पाहत आलोय. शेतावरची न्याहारी, दुपारची भाकरी, रात्रीचं जेवण. गोव्यात-कोकणात दहा-अकराची पेज. आयुर्वेदात तर एक वचनच आहे: ‘याममध्ये न भोक्तव्यं, यामयुग्मं न लङ्घयेत्’. याम म्हणजे तीन तास. खाल्ल्यावर तीन तासांच्या आत पुन्हा खाऊ नका, सहा तासांहून जास्त उपाशी राहू नका. हे धरलं तर जागेपणी दोन ते चार जेवणंच बसतात. दर दोन तासांचं बसत नाही, आणि दुपारी एक–रात्री नऊ हेही नाही.

गोळी चालू असेल तर आधी हे

सासूबाईंनी फोनवर कुठलासा व्हिडिओ पाहिला आणि कुणाला न सांगता नाश्ता बंद केला. मधुमेहाची गोळी मात्र सवयीने घेतली. अकराच्या सुमाराला देवघरासमोर बसल्या बसल्या घामाने भिजल्या, हात थरथरत होते, बोलणं तुटक. ग्लुकोमीटरवर ५८. तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून दिली, पंधरा मिनिटांनी परत मोजली: ९२. मग पोळी-भाजी भरवली. त्या म्हणाल्या, “अगं, उपास तर मी जन्मभर करत आले.” खरंय, पण तेव्हा ग्लिमेपिराइड नव्हती.

ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइड यांसारख्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्याने जेवण गाळलं तर साखर धोक्याच्या खाली जाऊ शकते. ७० च्या खाली गेली की ती कमीच समजायची. नुसतं मेटफॉर्मिन असेल तर असं क्वचित होतं. म्हणून आधी डॉक्टरांकडून डोस बदलून घ्यायचा, मग जेवणं. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायका, वाढीची मुलं, आधीच किडकिडीत असलेले, आणि ज्यांची भूकच लहान झालीय असे म्हातारे, यांनी दोनदाच्या वाटेला जाऊच नये. त्यांना चार-पाच वेळा थोडं थोडं हेच बरं. सासूबाईंचं आता तसंच आहे: तीन जेवणं, मधे दोनदा काहीतरी हलकं, गोळी डॉक्टरांनी कमी केलेली.

मग निवडायचं कसं? बैठं काम, पोट सुटलेलं, गोळ्या नाहीत किंवा डॉक्टरांची परवानगी आहे, आणि ‘थोडंच’ हा शब्द ज्याला पाळता येत नाही, त्याने दोनदा करून बघावं. मात्र एक जेवण सकाळी लवकर. आजोबांच्या पिढीतले कारकून साडेनऊला वरण-भात-पोळी-भाजी जेवून दहाच्या ऑफिसला जायचे आणि रात्री दिवेलागणीनंतर लगेच जेवायचे. ती वेळ दुपारी एक–रात्री नऊपेक्षा प्रागवाल्यांच्या जवळची आहे. अंगमेहनत करणारा, खेळणारा, किंवा संध्याकाळी भुकेने चिडणारा असेल त्याने तीन अधिक चारचे शेंगदाणे. आणि सहा डब्या त्यानेच निवडाव्यात ज्याला त्या स्वतः भरायच्या आहेत. काहीही निवडलं तरी तीन महिने द्यावेत. एचबीए१सी हा रक्ततपास रक्तातल्या साखरेची मागच्या तीनेक महिन्यांचीच सरासरी दाखवतो, पंधरा दिवसांत त्यात फारसं काही दिसत नाही.

नवऱ्याचं सहा महिन्यांत सात किलो उतरलं, गणपती ते दिवाळी तीन परत आलं. आता तो साडेनऊला जेवून निघतो आणि पावणेआठला परत बसतो. रविवारी पोहे खातो, त्याला मी तिसरं जेवण म्हणत नाही.

माझा रकाना राहिला. त्या आठवड्यात घरात सगळ्यात मोठा आकडा माझा होता: अकरा. आमटीची चव, पातेल्याला लागलेली साय, लेकीने टाकलेलं अर्धं थालीपीठ, उरलेली एक पोळी ‘वाया कशाला’ म्हणून. बसून खाल्लेलं त्यात फक्त तीनदा. मी तेवढेच तीन ठेवलेत, बाकीचं आता फ्रिजमध्ये जातं, आणि पोळी उरली की दुसऱ्या दिवशी फोडणीची पोळी होते. ती नवरा खातो, साडेनऊला.