निळ्या पोर्टचं ‘१६५०’ आणि माझे ४१,५०० रुपये

४१,५०० रुपये. त्यातले २०,००० यूपीआयनं दिले, २१,५०० रोख. भिशीचे पैसे, मुलीच्या कॉम्प्युटरसाठी राखून ठेवलेले. ती मेकॅनिकल डिप्लोमाला आहे, कॅडवर, म्हणजे यंत्रांची ड्रॉइंग काढायच्या सॉफ्टवेअरवर, काम करते आणि कॉलेजच्या लॅबमध्ये तिचं भागत नाही. तेवढ्या पैशात मिळणारं तयार मशीन कॅडला पुरत नाही म्हणून सुटे पार्ट जोडून असेंबल करायचं ठरवलं. अर्धं कोल्हापूर असंच घेतं. मी घेतलं आणि फसलो, ‘१६५०’ म्हणून दुसरंच ग्राफिक्स कार्ड गळ्यात पडलं.

डोळे झाकून घेतलं असं कुणी म्हणू नये. राजारामपुरीपासून शाहूपुरीपर्यंत कोटेशनं गोळा केली होती. ज्या दुकानदाराकडं घेतलं त्यानं लिहून दिलं ते असं: आय-फाइव्ह १२४००एफ प्रोसेसर १०,४००, एच६१० मदरबोर्ड ६,६००, १६ जीबी रॅम ३,४००, ५०० जीबी एनव्हीएमई एसएसडी (मदरबोर्डवरच बसणारी वेगवान डिस्क) ३,१००, जीटीएक्स १६५० ग्राफिक्स कार्ड १२,५००, ४५० वॅटचा ८० प्लस (कमी वीज वाया घालवणारा) एसएमपीएस, म्हणजे पॉवर सप्लाय, २,९००, कॅबिनेट २,६००. बाकीच्यांपेक्षा फार स्वस्तही नव्हतं, की संशय यावा. मॉनिटर घरचा जुनाच वापरायचा होता. पक्क्या बिलाला १८ टक्के जीएसटी, म्हणजे ७,४७० रुपये वर पडतील म्हणाला. “काका, वॉरंटी मी बघतो, कागदाला काय करताय?” पगारदार माणसाला ७,४७० रुपये थोडे नसतात. त्यानं ‘एस्टिमेट’ छापलेला कागद दिला, तोही शिक्क्याशिवाय. तुम्ही मात्र पक्कं बिलच घ्या आणि त्यावर प्रत्येक पार्टचा सिरीयल नंबर लिहून घ्या. नुसतं ‘ग्राफिक्स कार्ड ४ जीबी’ असं लिहिलेलं बिल कवडीच्या कामाचं नाही.

आता तो क्षण. मशीन जोडून झालं, आम्ही घरचा मॉनिटर बरोबर नेला होता. त्याला जुनी व्हीजीए केबल, निळ्या पिनेची, दोन्ही बाजूंना स्क्रू असलेली. दुकानातल्या पोरानं ती उचलली आणि सरळ ग्राफिक्स कार्डात घातली. चित्र आलं. मालक म्हणाला, “बघा काका, कन्व्हर्टरचे पैसे वाचले.” मी खूश झालो. मुलगी म्हणालीसुद्धा, “पप्पा, नव्या कार्डाला व्हीजीए असतं?” त्यावर तो हसत म्हणाला की कंपनीनं भारतासाठी वेगळं मॉडेल काढलंय. सगळं तिथंच उघडं पडलं होतं. या कार्डांच्या चिप बनवणाऱ्या एनव्हीडियानं २०१६ च्या जीटीएक्स १० मालिकेपासून व्हीजीएला लागणारं ॲनालॉग आउटपुटच बंद केलंय, आणि १६५० तर २०१९ चं. त्यावर निळं पोर्ट सहसा नसतंच. १६५० च्या नावानं विकायला ठेवलेल्या कार्डावर ते दिसलं तर दुकानातून बाहेर पडा, वाद घालत बसू नका. हे तेव्हा आम्हाला सांगणारं कोण होतं? मी फाउंड्रीत पॅटर्न शॉपला, साच्यांचे नमुने बनवतात तिथं, आहे. एका गेजचा फरक हाताला कळतो, पण चिपवर काय छापलंय ते मला कसं कळणार?

छोटी ड्रॉइंग चालली. मोठी असेंब्ली उघडली की पडद्यावर रंगीत पट्टे यायचे आणि मशीन हँग व्हायचं. मुलीच्या वर्गातल्या मुलानं जीपीयू-झेड हे कार्डाची खरी माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर टाकून बघितलं, कार्डाच्या नावापुढं ‘फेक’ लिहून आलं. आत निघालं जीटीएस ४५०, २०१० सालचं. बायोस, म्हणजे कार्डाच्या आतलं मूळ सॉफ्टवेअर, बदलून वर नवं नाव चढवलेलं. ४ जीबी सांगत होतं, मेमरी होती १ जीबी, म्हणून तेवढी भरली की सगळं कोसळायचं. हे सॉफ्टवेअर फुकट आहे. पेन ड्राइव्हवर न्या आणि पैसे द्यायच्या आधी दुकानातच चालवा. मग बाकीचंही उघडून बघितलं. एनव्हीएमईच्या जागी तारेनं जोडलेली, त्याहून हळू चालणारी साटा एसएसडी, एसएमपीएस हाताला हलका आणि ८० प्लसचं चिन्ह कुठंच नाही.

दुकानात गेलो तर मालक म्हणे, “कॅबिनेटवरचं आमचं सील तुटलंय, कार्ड तुम्हीच बदललं असेल.” कार्ड ठेवून जा म्हणाला. १२४००एफ मधल्या त्या ‘एफ’चा अर्थ तेव्हा कळला. प्रोसेसरमध्ये पडद्यावर चित्र दाखवायची सोय नाही, कार्ड काढलं की मशीन आंधळं. कमी पैशात घेणाऱ्यानं बिनएफचा १२४०० किंवा रायझन ५६००जी घ्यावा, कार्ड नसलं तरी काम थांबत नाही.

मग पोलीस ठाणं. तिथले साहेब म्हणाले, “वस्तू मिळाली ना काका? मग फसवणूक कसली? खराब निघाली म्हणा.” खराब! कोल्हापुरी म्हणून कुणी रेक्झिनची चप्पल गळ्यात मारली तर ती खराब निघाली म्हणायचं का? दुसऱ्या टेबलावर सांगितलं, यूपीआय आहे तर सायबरला जा. सायबरवाले म्हणाले, पैसे तुम्ही समोर उभं राहून दिलेत, हे आमच्याकडं येत नाही. अर्ज ठेवून घेतला, पोच मागितली तर “साहेब जेवायला गेलेत”. कराच्या कार्यालयात गेलो, दुकानदार बिल देत नाही म्हणून तक्रार करायला, तर तिथं विचारलं, “बिल कुठाय?” बिल दिलं नाही हीच तक्रार असताना बिल आणायचं कुठून? रजा माझ्या जातात, पगार माझा कापला जातो, आणि तो माणूस रोज नवी गिऱ्हाइकं करतोय. या लोकांचे पगार आमच्याच करातून निघतात ना?

तुमच्यावर ही वेळ आली तर ‘खराब निघाली’ हे शब्द अर्जात येऊ देऊ नका. ‘दुसरीच वस्तू नाव बदलून विकली’ असं लिहा आणि भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ घाला. ठाण्यात घेतलं नाही तर तोच अर्ज टपालानं पोलीस अधीक्षकांना पाठवा, कायद्यात तशी सोय आहे. पोस्टाची पावती हीच पोच. दुकानाचा जीएसटी नंबर १५ अंकी-अक्षरी असतो, महाराष्ट्राचा २७ नं सुरू होतो. जीएसटीच्या वेबसाइटवर टाकून दुकानाचं खरं नाव आधीच बघा.

जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज मी शेवटी स्वतःच केला. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, मुदत दोन वर्षं. बिल न देणं हीच २०१९ च्या ग्राहक कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे, हे मला एकाही टेबलावर कुणी सांगितलं नव्हतं. कार्ड, एसएमपीएस आणि तो एस्टिमेटचा कागद फोटो काढून पाकिटात बंद करून ठेवलाय. यूपीआयच्या २०,००० ची नोंद बँकेत आहे. रोख दिलेल्या २१,५०० रुपयांचा मात्र माझ्याकडं चिटोराही नाही, आणि नेमके तेच मिळाले नाहीत असं आता तो म्हणतोय.