हृदयाचं मॉडेल: घ्या, पण चार्ट बघून

पुतणी यंदा बारावी सायन्सला, नीटची तयारी चालू, म्हणून बडोद्यात रावपुऱ्यातल्या एका दुकानातून हृदयाचं प्लास्टिक मॉडेल आणलं. स्टँडवर बसतं, पुढची भिंत निघते, आतले चारही कप्पे एकदम क्लिअर. डाव्या निलयाची, म्हणजे खालच्या कप्प्याची, भिंत उजव्यापेक्षा चांगली जाड दाखवलीय, डाव्या अलिंदात, म्हणजे वरच्या कप्प्यात, फुप्फुसांकडून येणाऱ्या चार शिरांची भोकं आहेत, झडपांचे दोरेसुद्धा नुसते रंगवून भागवलेलं नाही. मॅग्नेट तेवढा ढिला, उचललं की झाकण हातात.

खरी गडबड सोबतच्या चार्टमध्ये. वरच्या अख्ख्या कप्प्यालाच ऑरिकल छापलंय! ऑरिकल म्हणजे लॅटिनमध्ये छोटा कान, आणि तो मॉडेलवर दिसतो पण, कप्प्याला पुढून चिकटलेली सुरकुतलेली पिशवी, थेट कुत्र्याचा कान. पूर्वी सगळ्या कप्प्याला हेच नाव चालायचं, म्हणून आपल्या जुन्या पुस्तकांत कर्णिका आणि इथे गुजराती मीडियमला कर्णक. आता ऑरिकल फक्त त्या पिशवीला म्हणतात, कप्पा तो एट्रियम, एनसीईआरटीत पण तेच.

एट्रियम म्हटलं की आपल्याला मॉल आठवतो, पण शब्द रोमन घरातला. घराच्या मधलं मोठं दालन, वर छत उघडं, खाली पावसाचं पाणी पडायला हौद. नाव कशावरून पडलं यात रोमन पंडितांचंच जमलं नाही, वारो म्हणतो एट्रुस्कन (इटलीतल्या एका जुन्या समाजाच्या) लोकांच्या आट्रिया गावावरून, सर्व्हियस म्हणतो चूल तिथेच असायची, धुराने सगळं काळं, आणि काळ्याला लॅटिनमध्ये आटेर. मला चुलीवालं पटायला आवडेल, पण जरा जास्तच सोयीचं वाटतं.

एट्रियमसाठी आपला अलिंद मात्र भारी. संस्कृतात अलिंद म्हणजे दारापुढची ओसरी आणि निलय म्हणजे घर, म्हणजे रक्त आधी ओसरीवर टेकणार, झडप उघडली की घरात. रोमन एट्रियम पडलं घराच्या पोटात, त्यामुळे रक्ताच्या वाटेचा विचार केला तर आपलाच शब्द जास्त फिट बसतो, आणि दांडिया बाजारात वाड्यात राहिलेल्यांना तर हे वेगळं समजवावंच लागत नाही. पुतणी इंग्लिश मीडियमची, तिला पण ओसरी म्हटल्यावर लगेच कळलं कुठून कुठे जातं ते.

मॉडेलला चार स्टार. चार्टवर एट्रियम छापलेला सेट मागा, नसेल तर चार्ट ठेवा तिथेच आणि नुसतं मॉडेल घ्या, भाव थोडा कमी करतात.