सेवाग्रामची सायंप्रार्थना: त्या दोन मिनिटांसाठी जा

सेलू तालुक्यात माझी पिठाची गिरणी आहे. वीस वर्षं झाली. रात्री मोटर बंद करून अंथरुणावर पडलो तरी कान घणघणत राहतात. देवापुढे हात जोडले की मी बोलतच सुटायचो: पाऊस दे, कापसाला भाव दे, पोरीचं जमू दे. आपण गप्प बसून त्याचं ऐकावं, हे कधी सुचलंच नाही.

सोमवारी गिरणी बंद असते. गांधीजींच्या मौनाचा वारही सोमवारच, हे सेवाग्रामला त्यांच्या आश्रमात गेल्यावर समजलं. वर्ध्याहून आठेक किलोमीटर, तिकीट नाही. आधी बापू कुटी पाहिली. ही मुळात गांधीजींच्या इंग्रज शिष्या मीराबेन यांची कुटी. मातीच्या भिंतीवर मातीनंच उठवलेली ताडाची झाडं आहेत, ती निवांत पाहा. व्हाइसरॉयनं बसवून दिलेला टेलिफोनही आश्रमात आहे. दिल्लीहून केव्हाही बोलावणं यायचं, तरी त्या माणसानं आठवड्याचा एक दिवस न बोलता काढला! मी त्या फोनपाशी बराच वेळ उभा होतो.

सहा वाजता प्रार्थना, उघड्या मैदानात. बाजूला बापूंनी १९३६ साली लावलेला पिंपळ. खाली बसावं लागते, गुडघे धरत असतील तर आधीच सांगून ठेवतो. सुरुवातीला जपानी बौद्ध मंत्र, मग दोन मिनिटं शांती. पुढे गीतेतली स्थितप्रज्ञाची लक्षणं, कुराणातली प्रार्थना, पारशी लोकांची प्रार्थना, भजन, रामधून. सगळंच चांगलं आहे, पण मी पुन्हा पुन्हा जातो ते त्या दोन मिनिटांसाठी.

पहिल्या वेळी कानात गिरणीच चालू होती. दुसऱ्या सोमवारी पिंपळाची पानं ऐकू आली. तिसऱ्या सोमवारी, कापूस वेचणीचे दिवस होते, डोळे मिटले अन् धाकटा भाऊच समोर आला. शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, आमचं चार वर्षं बोलणं बंद. मी काही मागितलं नव्हतं, त्याचं नावही घेतलं नव्हतं. शांती संपली, लोक पुढची प्रार्थना म्हणू लागले, माझ्या तोंडून शब्द निघेना.

येताना गाडी त्याच्याच आंगणात लावली. भावजयीनं चहा ठेवला. तो म्हणे, "दादा, आत तर ये."

साडेपाचपर्यंत पोचा, अन् फोन डिक्कीतच ठेवा.