बोलेरोतली दुसरी बॅटरी: ३० अँपिअरच्या डीसी-डीसी चार्जरचा दीड वर्षाचा अनुभव

आमच्या यांना इन्सुलिन लागतं, म्हणून आमच्या बोलेरोत फ्रीज आहे. बिअरसाठी नाही, हे आधीच सांगते, कारण गाडीत फ्रीज म्हटलं की लोक गालात हसतात. न उघडलेली पेनं २ ते ८ अंशांत ठेवावी लागतात. मे महिन्यात नाशिकहून निघायचं आणि बर्फाच्या पिशव्यांवर तीन दिवस काढायचे हे आम्ही एकदा करून पाहिलं. दुसऱ्या दिवशी दुपारी डब्यात नुसतं कोमट पाणी आणि त्यात तरंगणारी खोकी.

मग ३० लिटरचा कॉम्प्रेसरवाला फ्रीज घेतला, फ्रीजने गाडीची बॅटरी संपवू नये म्हणून मागे वेगळी ७५ अँपिअर-अवरची सीलबंद लेड-ॲसिड बॅटरी ठेवली आणि दोन्ही बॅटऱ्यांच्या मध्ये रिले, म्हणजे आपोआप चालू-बंद होणारा स्विच, टाकला. हा रिले साधा. इंजिन चालू झालं, व्होल्टेज १३.३ च्या वर गेलं की दोन्ही बॅटऱ्या जोडतो, १२.८ च्या खाली आलं की सोडवतो. स्वस्त आणि मस्त, पण दुसरी बॅटरी काही केल्या पूर्ण भरेना. लेड-ॲसिडला शेवटचे वीस टक्के भरायला तासन्‌तास लागतात आणि आम्ही घोटीमार्गे भंडारदऱ्याला दोन तासांत पोचतो. कायम अर्धपोटी राहून ती बॅटरी दोन वर्षांत गेली.

म्हणून मागच्या वर्षी १०० अँपिअर-अवरची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी आणि सोबत हा डीसी-डीसी चार्जर घेतला, म्हणजे पुढच्या बॅटरीकडून घेऊन मागची भरणारा डबा. लिथियमला नुसता रिले लावू नका. ती तहानलेल्या म्हशीसारखी करंट ओढते आणि अल्टरनेटर, म्हणजे इंजिनवर चालणारा गाडीचा जनरेटर, तापतो. हा चार्जर मध्ये बसून तिला मोजून ३० अँपिअरच देतो आणि समोरून कमी-जास्त व्होल्टेज आलं तरी तिला हवं ते १४.२ पर्यंत चढवून देतो. आमची गाडी २०१६ ची, जुन्या वळणाची. बऱ्याच नव्या बीएस-६ गाड्यांत इंधन वाचवायला अल्टरनेटर मध्येच व्होल्टेज उतरवतो. तिथे रिले भांबावतो, त्यामुळे हाच मार्ग.

आता बसवण्याची कथा. गॅरेजचं नाव लिहीत नाही, पोरगा मनाने चांगला होता. "काकू, संध्याकाळी घेऊन जा" म्हणाला आणि खरंच संध्याकाळी गाडी दिली. मेच्या शेवटी आम्ही काजवे बघायला भंडारदऱ्याजवळच्या साम्रदला गेलो. गावाबाहेरच्या एका शेतात परवानगी काढून तंबू टाकला. सकाळी सहाला यांनी किल्ली फिरवली तर नुसतं टक्, टक्. सेल्फ उचलेना. मागची बॅटरी मात्र टुम्म भरलेली आणि फ्रीजमध्ये ४ अंश! शेतमालक मामांनी चहा पाजला, ट्रॅक्टर आणला, जंपर केबल लावली आणि वर विचारलं, "दोन दोन बॅटऱ्या हायेत ना, मग?" काय उत्तर देणार?

घरी आल्यावर मल्टीमीटर घेऊन बसले. मी बँकेत नोकरी केली, वायरिंग शिकले नाही, पण ताळा जुळत नसेल तर चूक कुठेतरी असतेच, एवढं त्या नोकरीने शिकवलं. चार्जरला "इंजिन चालू आहे" हे सांगणारी एक बारीक वायर असते. ती इग्निशनच्या लाइनवर हवी, म्हणजे किल्ली फिरवल्यावरच तिच्यात करंट यावा. किल्ली हातात धरून मी मीटर लावला, तर १२.४. पोराने ती कायम चालू असलेल्या लाइनवर मारली होती. म्हणजे रात्रभर इंजिन बंद, आणि चार्जर इमानेइतबारे पुढच्या बॅटरीतलं काढून मागचीत भरत होता. व्होल्टेज फार उतरलं की चार्जर थांबवणारा कट-ऑफ होता, पण सेटिंग १०.५ व्होल्टचं. तोवर सेल्फला काय उरणार? आता मी ते १२.५ केलंय.

दुसरी चूक वायरची. बॉनेटपासून डिकीपर्यंत जाऊन-येऊन दहा मीटर, आणि त्याने टाकली होती ६ स्क्वेअरची (चौरस मिलिमीटर जाडीची), घरात गिझरला शोभेल अशी. इंजिन चालू असताना पुढच्या बॅटरीवर १४.२ आणि चार्जरच्या तोंडाशी १३.२. एक अख्खा व्होल्ट वाटेत गरम होऊन जात होता. वायरला हात लावला तर उबदार लागली. १६ स्क्वेअरची तांब्याची टाकून घेतली, टोकांना धातूचं थिंबल नीट दाबून, आणि दोन्ही बॅटऱ्यांजवळ ६०-६० अँपिअरचा फ्यूज. आता तोंडाशी १३.८ मिळतात. फ्यूज दोन्ही टोकांना हवा, कारण दोन्हीकडे करंट सोडणारी बॅटरी आहे. पहिल्या वेळी एकच होता.

हे सगळं जुळल्यावर मात्र चार्जरने तक्रारीला जागा ठेवली नाही. फ्रीज, दोन दिवे, फोन, यांचा रात्रीचा छोटा पंखा धरून दिवस-रात्रीत ३५ ते ४० अँपिअर-अवर जातात. दीड तास गाडी चालवली की तेवढे परत येतात. गाडी जागेवर उभी ठेवून इंजिन घुमवत बसू नका. कमी फेऱ्यांवर अल्टरनेटर पूर्ण जोर देत नाही, डिझेल जळतं आणि शेजारचे तंबूवाले शिव्या देतात, बरोबरच आहे.

पाचातला एक तारा कापला तो उष्णतेसाठी. हा डबा तापतो, आणि तापला की स्वतःच करंट कमी करतो. मागच्या सीटखाली बसवला होता तेव्हा मेच्या दुपारी ३० वरून २१ पर्यंत आलेला मी ॲपवर पाहिला. आता डिकीच्या बाजूच्या पत्र्यावर उभा बसवलाय, मध्ये दोन बोटं हवा खेळते, २७-२८ च्या खाली येत नाही. सोबतचं पुस्तक इतक्या बारीक अक्षरांत आहे की चष्म्यावर भिंग धरावं लागलं. आणि यात सोलरचं इनपुट नाही. एका जागी दोन-तीन दिवस राहायचं झालं की आम्ही १०० वॅटचं घडीचं पॅनेल पसरतो, स्वच्छ उन्हात पाचेक अँपिअर येतात, पण त्याला वेगळा कंट्रोलर घ्यावा लागला. नव्याने घेत असाल तर दोन्ही एकत्र असलेलाच बघा.

स्पितीचा बेत आहे, ऑक्टोबरचा. शून्याच्या खाली लिथियमला चार्ज करायचं नसतं. आमच्या बॅटरीत थंडीचा कट-ऑफ आहे असं दुकानदार सांगतो. मी अजून तपासलेलं नाही, त्यामुळे तेवढं वगळून वाचा.

हो, एक राहिलं. इंजिन बंद असतानाही चार्जरचा बारीक निळा दिवा चालू राहतो. बंद करायची सोय नाही. या वर्षी साम्रदला पुन्हा गेलो तेव्हा काळ्याकुट्ट अंधारात आमच्याच गाडीत तो डोळा वटारून बसलेला. पर्समधून काळी टिकली काढून त्यावर लावली. अजून तिथेच आहे.