केल्टिक इंटरकनेक्टर : पडघ्याच्या माणसाला कसा वाटला

आयर्लंड आणि फ्रान्सला समुद्राखालून जोडणाऱ्या वीजवाहिनीचं काम कॉर्क परगण्यात चालू आहे. मुलगी मिडलटनला असते, त्यामुळे तिच्याकडे आलो की ते बघायला जाणं आलंच. माझ्या नोकरीची बरीच वर्षं ठाणे जिल्ह्यातल्या पडघ्याच्या एचव्हीडीसी (उच्च दाबाची डीसी, म्हणजे एकाच दिशेनं वाहणारी वीज) केंद्रात गेली, तेव्हा हे परीक्षण त्या नजरेचं आहे. पाचपैकी चार तारे.

क्षमता ७०० मेगावॅट, म्हणजे साडेचार लाख घरांना पुरेल एवढी वीज. लांबी सुमारे ५७५ किलोमीटर, त्यातले जवळजवळ ५०० समुद्राच्या तळाशी. यॉल गावाजवळ क्लेकॅसलच्या किनाऱ्यावर केबल जमिनीवर येते, रस्त्याखालून बॅलिअ‍ॅडमच्या कन्व्हर्टर केंद्रात जाते आणि तिथे डीसीची एसी (घरात येते तशी, दिशा बदलत राहणारी वीज) होऊन नॉकराहाच्या सबस्टेशनला मिळते. पलीकडचं टोक ब्रिटनीत, ला मार्तिर इथे. इकडून आयर्लंडची वीजवहन कंपनी एअरग्रिड, तिकडून फ्रान्सची आरटीई, आणि युरोपीय संघाचं ५३ कोटी युरोंचं अनुदान. ब्रिटनची सागरी हद्द टाळून केबल सिली बेटांच्या पश्चिमेकडून नेली आहे.

“बाबा, साधी एसी लाइन का नाही टाकत?” असं मुलीनं विचारलं. केबल स्वतःच कपॅसिटर, म्हणजे विद्युतभार साठवणारी वस्तू असते. एसीत ती सेकंदाला पन्नास वेळा उलटसुलट चार्ज करावी लागते, आणि लांबी वाढली की त्या चार्जिंग करंटमध्येच केबलची सगळी ताकद खर्च होते. डीसीत एकदा चार्ज झाली की काम झालं.

गावातल्या माहितीसत्रात समुद्री केबलचा कापलेला तुकडा ठेवला होता. मी तो बराच वेळ हातात घेऊन बघितला. मधे वाहक, त्याभोवती पॉलिथिलीनचं जाड इन्सुलेशन, मग पाणी आत शिरू नये म्हणून शिशाचं आवरण, त्यावर पोलादी तारांचा वेढा आणि सगळ्यात बाहेर काळ्या दोऱ्याची घट्ट गुंडाळी. इन्सुलेशनचा काप इतका स्वच्छ की एक बुडबुडा दिसत नव्हता. ३२० किलोव्होल्टला असा एक बुडबुडासुद्धा केबल फोडतो, म्हणून हे सांगतोय.

आमची चंद्रपूर–पडघे लाइन ७५२ किलोमीटरची, १,५०० मेगावॅटची, थायरिस्टरवर (बंद व्हायला ग्रिडचाच आधार लागणारे इलेक्ट्रॉनिक स्विच) चालणारी. तिच्या दोन्ही टोकांना तगडं ग्रिड लागतं. ग्रिड झोपलं की आम्हीही झोपलो. विजेच्या लहरी साफ करणाऱ्या फिल्टरचं यार्ड तर केवढं पसरलेलं! बॅलिअ‍ॅडमला ट्रान्झिस्टरवाले (स्वतःहून चालू-बंद करता येणाऱ्या स्विचचे) कन्व्हर्टर आहेत. ते मेलेलं ग्रिड पुन्हा उठवू शकतात, व्होल्टेज सावरतात, आणि विजेची दिशा फिरवताना पोलॅरिटी (धन-ऋण टोकं) उलटवावी लागत नाही, म्हणजे केबलवर ताण येत नाही. आमच्या शिफ्टमधल्या कोणालाही हे दाखवलं असतं तर तो हेव्यानं बघत राहिला असता.

आयर्लंडला याची गरज किती आहे, ते इथला वारा बघितल्यावर कळतं. वादळी रात्री पवनचक्क्या भरपूर वीज देतात, पण मागणी नसते आणि ग्रिडची मर्यादाही आड येते, मग चक्क्या चक्क थांबवून ठेवतात. उलट वारा पडला की गॅस जाळायचा. आजवर बाहेर वीज न्यायची वाट फक्त ब्रिटनकडे होती आणि ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडलं. वारा असताना फ्रान्सला वीज द्यावी, नसताना तिथली अणुवीज घ्यावी, हा सौदा मला मनापासून पटतो.

आता तारा का कापला ते. पडघ्याला दोन पोल, म्हणजे वीज नेणारे दोन वेगळे मार्ग होते. एक ट्रिप झाला (बिघाडानं बंद पडला) तरी दुसऱ्यावर निम्मी वीज चालू राहायची आणि आम्हाला श्वास घ्यायला फुरसत मिळायची. इथे दोन केबल मिळून एकच जोडी आहे. त्यातली एक गेली की सगळे ७०० मेगावॅट एका क्षणात शून्य. सहा हजार मेगावॅटच्या आसपास कमाल मागणी असलेल्या देशाला हा धक्का मोठा आहे, तेवढी राखीव वीज कायम तयार ठेवावी लागेल आणि तिचा खर्च शेवटी ग्राहकाच्याच बिलात येईल. समुद्रातली केबल दुरुस्त करायची तर जहाज हवं, उघडलेलं हवामान हवं. यात महिने जातात. पैसे वाचवायला हे केलं हे समजतं, तरी मला ते आवडलेलं नाही.

तारीखही सरकतेय. आधी २०२६, मग २०२७, आता २०२८. एवढ्या कामाला उशीर होतोच, त्यासाठी मी गुण कापणार नाही.

लाइन सुरू झाल्यावर ती वर्षातले किती तास खरोखर उपलब्ध होती, हा आकडा एअरग्रिडनं दर वर्षी ठळक छापावा. पहिली तीन वर्षं तो ९५ टक्क्यांच्या वर राहिला तर पाचवा तारा देईन.