मनोरीचा प्लांट की सोसायटीची गच्ची?
मुंबईच्या पाण्यासाठी मालाडजवळच्या मनोरीला समुद्राचं पाणी गोडं करायचा प्लांट होणार, रोज 20 कोटी लिटर, पाऊस पडो न पडो, हा त्याचा मोठा प्लस पॉइंट, पण वीज भरमसाट लागते आणि उरलेलं खारट पाणी परत समुद्रात, तिथल्या कोळी बांधवांचा विचार कोण करणार?

दुसरीकडे आपल्या गच्चीवरचं पावसाचं पाणी. मुंबईत वर्षाला 2000 मिमीच्या वर पाऊस, म्हणजे 500 चौरस मीटर गच्चीवर 10 लाख लिटर पडतं बघा! सगळं साठवता येत नाही, मान्य, पण विहिरीत-बोअरमध्ये जिरवलं तर फ्लश, गाड्या, बाग सगळं त्यावर भागतं. मोठ्या प्लॉटवरच्या नव्या बिल्डिंगांना पावसाचं पाणी असं साठवणं-जिरवणं 2002 पासून कंपल्सरी आहे, फक्त फिल्टर मे महिन्यात साफ करायला कमिटीने माणूस लावायला हवा. माझं मत गच्चीलाच.